सहा महिने फाइव्ह स्टारमध्ये राहून रिमोट काम करायचंय, परवडेल का आणि झेपेल का?

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहिते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ३१, मूळ नाशिकचे, जर्मन कंपनीसाठी कॉन्ट्रॅक्टवर बॅकएंड सॉफ्टवेअरचं काम, पुण्यातला भाड्याचा फ्लॅट सोडताय. नोव्हेंबर ते एप्रिल गोव्यात चांगल्या फाइव्ह स्टारमध्ये राहायचंय, राहण्याचं बजेट महिना तीन लाख, गोवा नाही जमलं तर बँकॉक. कारण काय तर डिपॉझिट, ब्रोकर, कामवाली, वायफायवाला, गॅस यातलं काहीच नको, लॅपटॉप उघडायचा आणि काम करायचं. आणि आई म्हणतेय "सहा महिने लॉजवर राहणार का?"

लॉजवर जाम हसले मी. पण तुमच्या आईला काय खटकतंय ते मला कळतंय, त्याच्याकडे येते शेवटी.

माझं सांगायचं तर २००५ ला पुण्यात एका हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला लागले, मग दुबई, मग गोवा, शेवटची सहा-सात वर्षं रेव्हेन्यूला, म्हणजे कुठली खोली कुठल्या दिवशी किती रुपयाला विकायची हे ठरवणारं खातं. २०२१ ला नोकरी सोडली, आता चार-पाच छोट्या हॉटेलांचं तेच काम घरून करते, आणि "घरून" म्हणजे वर्षातले तीन-चार महिने कुठल्यातरी हॉटेलातूनच. त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजूंनी बघितलंय. तरीही हे माझं मत आहे, तुमचा स्वभाव, तुमचे कामाचे तास, पाठीचा त्रास आहे का, एकटं राहायची सवय आहे का, यावर उत्तर बदलतं.

तुम्ही विचारलंय हॉटेल की फ्लॅट. मला वाटतं खरा प्रश्न तो नाहीये. तुम्हाला कटकट नकोय आणि त्यासाठी पैसे मोजायची तयारी आहे, मग बघायचं हे की त्या पैशात हॉटेल तुमची कुठली कटकट घेतं आणि कुठली नवीन गळ्यात मारतं. फाइव्ह स्टार हॉटेल हे मुळात दोन-तीन रात्री राहणाऱ्या माणसासाठी बनवलेलं असतं, ज्याचं बिल बऱ्याचदा त्याची कंपनी भरते किंवा जो वर्षातून एकदा सुट्टीला येतो आणि खर्चाकडे बघत नाही. खोली, मेन्यू, वायफाय, लाँड्रीचे रेट, सगळं त्या माणसाच्या हिशोबाने. तुम्ही सहा महिने राहिलात म्हणून ते बदलत नाही, बदलून घ्यावं लागतं, आणि त्यातलं किती बदलून मिळतं हे तुम्ही कुठल्या महिन्यात मागताय त्यावर आहे.

आता पैसे. तीन लाख महिना म्हणजे दिवसाला दहा हजार, त्यात गोव्यात फाइव्ह स्टार येईल असं तुम्ही धरलंय. येईल, पण जीएसटीची पायरी बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून खोलीचा रेट दिवसाला ७,५०० किंवा त्याखाली असेल तर ५ टक्के, त्याच्या वर गेला की सरळ १८ टक्के, आणि तो १८ टक्के सगळ्या रकमेवर, वरच्या फरकावर नाही. आता गंमत बघा. ७,५०० रेटने तीस रात्री म्हणजे २,२५,०००, टॅक्स धरून २,३६,२५०. तेच हॉटेलने ७,६०० लावले तर २,२८,००० आणि टॅक्स धरून २,६९,०४०. रात्रीला शंभर रुपये जास्त म्हणून महिन्याला जवळजवळ तेहतीस हजार गेले! ९,००० चा रेट घेतलात तर ३,१८,६००, म्हणजे बजेट तिथेच संपलं, अजून जेवला नाहीत. म्हणून लाँग स्टेसाठी बोलणी करताना पहिलं वाक्य हेच असू द्या की रेट साडेसातच्या आत बसवा. सेल्सवाल्यांना हे तोंडपाठ असतं, ते स्वतःहून बोलत नाहीत एवढंच. आणि ब्रेकफास्टसकट पॅकेज देत असतील तर खोलीचा आकडा आणि टॅक्स कोटेशनमध्ये स्पष्ट लिहून घ्या, "ऑल इन्क्लुझिव्ह" असल्या गोड शब्दावर जाऊ नका.

जेवणाचंही तसंच आहे. ज्या हॉटेलात एका जरी खोलीचा रेट मागच्या वर्षी ७,५०० च्या वर गेलेला असतो तिथल्या रेस्टॉरंटच्या बिलावर १८ टक्के लागतात, बाहेरच्या साध्या हॉटेलात ५. म्हणजे तुमची खोली साडेसातच्या आत बसली तरी खालच्या कॉफी शॉपमधल्या डाळभातावर अठराच.

काहीजण म्हणतात बिल कंपनीच्या नावावर घ्या, जीएसटी सेट ऑफ करा, म्हणजे तुम्हाला भरायच्या जीएसटीतून वजा करा. पण तुमचं जीएसटी रजिस्ट्रेशन महाराष्ट्रातलं असणार. हॉटेलच्या खोलीवरचा टॅक्स हॉटेल ज्या राज्यात त्या राज्याचा, म्हणजे बिलावर केंद्राचा सीजीएसटी आणि गोवा राज्याचा एसजीएसटी येणार, त्याचं क्रेडिट महाराष्ट्राच्या नंबरवर मिळत नाही. आणि इन्कम टॅक्सला तुम्ही ५० टक्के नफा दाखवायच्या प्रिझम्प्टिव्ह योजनेत असाल, जिला लोक ४४एडीए म्हणतात, तर खर्च वेगळा दाखवायचा प्रश्नच येत नाही. तुमच्या सीएला एकदा विचारा, पण हॉटेलचं बिल टॅक्समध्ये वसूल होईल या आशेवर हिशोब मांडू नका.

मग सीझन. तुम्ही निवडलेले सहा महिने हे गोव्यातल्या हॉटेलवाल्याचे कमाईचे महिने आहेत. माझ्या खात्यात एक शब्द होता, डिस्प्लेसमेंट. म्हणजे तुम्हाला ही खोली महिनाभर अमुक रेटने दिली तर त्या बदल्यात कुठला जास्त पैसे देणारा गिऱ्हाईक मला परत पाठवावा लागेल, याचा हिशोब. जुलैत हा आकडा शून्याच्या जवळ असतो, खोली तशीही रिकामीच राहणार असते, त्यामुळे मी हसत हसत रेट द्यायचे, वर लाँड्री द्यायचे, एक वेळचं जेवण द्यायचे. २० डिसेंबर ते ५ जानेवारीत तीच खोली दुप्पट-तिप्पट रेटने जाते, त्यामुळे लाँग स्टेच्या करारात एक बारीक ओळ असते, ब्लॅकआउट डेट्स. त्या तारखांना तुमचा रेट लागू नाही. एकतर फरक भरा नाहीतर खोली सोडा. आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी लग्नं. गोव्यातली डेस्टिनेशन वेडिंग म्हणजे अख्खं हॉटेल दोन-तीन रात्रींसाठी एकाच पार्टीला विकणं, बायआउट म्हणतात त्याला.

याचा फटका मी स्वतः खाल्लाय आणि सांगायला लाज वाटते कारण नोकरीत असताना हेच मी लोकांना केलेलं. दक्षिण गोव्यात एका चांगल्या हॉटेलात अडीच महिने राहायचं ठरवलं, रेट मस्त मिळाला म्हणून खूश, करार नीट वाचला नाही. सहाव्या आठवड्यात ड्युटी मॅनेजर फुलं आणि चॉकलेटचा डबा घेऊन दारात. फुलं बघितल्यावरच माझ्या पोटात गोळा आला, कारण फुलं कधी पाठवतात ते मला माहीत होतं. तीन रात्री वेडिंग बायआउट, मॅडम आम्ही तुमची सोय दुसरीकडे करतो, सामान आमची माणसं हलवतील. हलवलं, सोय चांगली होती, पण त्या आठवड्यात माझं एका हॉटेलचं वर्षाचं बजेट द्यायचं होतं आणि मी माझ्या चार्जरच्या शोधात दोन बॅगा उपसत बसलेली.

इथपर्यंतचा सारांश असा की नोव्हेंबर ते एप्रिल, गोवा, फाइव्ह स्टार, तीन लाख, या चार गोष्टी एकत्र बसायला अवघड आहेत. महिने बदललेत तर बसतात. शहर बदललंत तरी बसतात. चारही धरून ठेवायच्या असतील तर जरा कमी रेटचं हॉटेल घ्यावं लागेल आणि मग "फाइव्ह स्टार" हा शब्द बोर्डावरच राहतो.

पैसे सोडा, काम होतं का तिथे? तुमचं जर्मन टायमिंग हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. त्यांचे नऊ ते सहा म्हणजे तुमचे दुपारी दीड ते रात्री साडेदहा. हॉटेलात हे टायमिंग एका बाबतीत चांगलं आणि एका बाबतीत भयंकर आहे.

चांगलं असं की सकाळ तुमची. ब्रेकफास्ट साडेदहापर्यंत, त्याआधी जिम, पोहणं, आणि तुम्ही खाली असताना हाउसकीपिंग खोली करून जातं, कामाच्या वेळेला कोणी दार वाजवत नाही. हे त्यांना सांगून ठेवा, रोज साडेनऊ ते साडेदहा खोली करा म्हणून. नाहीतर लोक दिवसभर डीएनडी, म्हणजे "डू नॉट डिस्टर्ब"ची पाटी, लावून बसतात आणि मग चोवीस तास झाले की फोन येतो, उचलला नाही तर ड्युटी मॅनेजर सिक्युरिटीला घेऊन दार उघडतो. हा नियम तुमच्या सुरक्षेसाठी आहे, पण रोजच्या मीटिंगमध्ये मागे दोन युनिफॉर्मवाले दिसले की जर्मन लोक घाबरतात.

भयंकर असं की तुमचे सगळे कॉल संध्याकाळी सहा ते दहा, आणि हॉटेल जागं होतं तेच संध्याकाळी सहा ते दहा. लॉनवर संगीत असतं. उघड्यावर लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करायचा कायदा आहे आणि बहुतेक हॉटेलं तो पाळतातही, पण तुमचं कामही तेव्हाच संपत आलेलं असतं. वायफायवर सगळे पाहुणे त्याच वेळी खोलीत येऊन पिक्चर लावतात. हॉटेलचं वायफाय म्हणजे जाड पाईप आहे पण नळ खूप. शिवाय दर चोवीस तासांनी आडनाव आणि रूम नंबर टाकून परत लॉगिन करा, ते बरोब्बर प्रॉडक्शन डिप्लॉयमेंटच्या मधोमध येतं. यावर उपाय आहे. आयटी मॅनेजरला भेटा, रिसेप्शनला नाही. त्याला सांगा की माझ्या लॅपटॉपचा मॅक अॅड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा ओळख नंबर, तीन महिन्यांसाठी लॉगिनमधून सोडून ठेव, खोलीत लॅन पॉइंट, म्हणजे केबलचं इंटरनेट, चालू असेल तर तो दे. एक छोटा ट्रॅव्हल राउटर जवळ ठेवा, दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा. खोली घेताना लॉनच्या विरुद्ध बाजूची, लिफ्टपासून लांब, शेजारच्या खोलीला जोडणारं दार नसलेली मागा. असं दार असलेल्या खोलीत शेजारच्या बाळाचं रडणं तुमच्या हेडफोनमध्ये येतं.

आणि खुर्ची! हे कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. हल्लीच्या नव्या हॉटेलांत टेबल म्हणजे शोभेची वस्तू झालीय, गोल संगमरवरी आणि बाजूला मखमली खुर्ची, तिच्यावर नऊ तास बसलात तर दुसऱ्या आठवड्यात फिजिओ शोधाल. बुकिंगच्या आधीच लिहा की बिझनेस सेंटरची ऑफिस खुर्ची खोलीत हवी आणि सरळ टेबल हवं. देतात, बँक्वेटच्या गोडाऊनमध्ये टेबलं पडलेली असतात. नाही म्हणाले तर समजून जा की लाँग स्टे त्यांना नकोच आहे.

खाण्याबद्दल मी थोडी जास्त लिहिणार आहे, कारण लोक इथेच हरतात. पहिला आठवडा स्वर्ग. ब्रेकफास्टला सतरा पदार्थ. बुफेचा मेन्यू आठवड्याचा असतो आणि फिरून तोच येतो, त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात तुम्हाला कॅलेंडर बघावं लागत नाही, मेदूवडा दिसला की आज गुरुवार. पुण्यात असताना आमच्याकडे एक जर्मन इंजिनिअर राहायचे, चाकणच्या प्लांटवर होते, चौदा महिने राहिले, बिल कंपनीचं. चौथ्या महिन्यात ते एके रविवारी किचनच्या दारात येऊन उभे राहिले आणि शेफला म्हणाले मला माझी दोन अंडी मला स्वतःला तळू द्या. आमच्या शेफनी नियम मोडून तळू दिली. नंतर ते कधीतरी स्टाफ कॅन्टीनला खाली यायचे, वरण-भात-कोबीची भाजी खायचे आणि म्हणायचे हे वर का ठेवत नाही तुम्ही. वर ठेवत नाही कारण वरच्या माणसाने एका जेवणाचे दोन हजार दिलेले असतात, त्याला कोबी कशी वाढणार.

तुमचं काम साडेदहाला संपणार, रेस्टॉरंट बऱ्याच ठिकाणी अकराला बंद, ऑर्डर घेणं त्याआधीच थांबतं. मग उरतो रात्रीचा रूम सर्व्हिस मेन्यू, जो भारतातल्या झाडून सगळ्या हॉटेलांत एकच असतो: क्लब सँडविच, दाल खिचडी, एखादी बिर्याणी. सहा महिने खिचडी खायची तयारी आहे का बघा. खोलीत स्वयंपाक करता येत नाही, इंडक्शन ठेवू देत नाहीत, स्मोक डिटेक्टर असतो. केटलमध्ये मॅगी करणारे समजतात कोणाला कळत नाही, हाउसकीपिंगला सगळं कळतं, फक्त बोलत नाहीत. मिनीबारचा फ्रीज नावाला थंड असतो, त्यात दूध टिकेलच असं नाही. तो रिकामा करून घ्या आणि छोटा खरा फ्रीज मागा, औषधांसाठी हॉटेलं एक-दोन ठेवतात.

लाँड्रीचं एका ओळीत सांगते, एका शर्टाला तीनशे-साडेतीनशे रुपये. कपडे खोलीत धुवून बाथरूममध्ये वाळत घालणारे करोडपती बघितलेत मी. लाँग स्टेच्या करारात रोज अमुक पीस मोफत असं घालून घेता येतं, ते घाला, नाहीतर बाहेर किलोवर धुऊन देणारा शोधा.

आता माणसांबद्दल. हे जरा नाजूक आहे. हॉटेलात तुम्हाला पहिल्या आठवड्यातच सगळे नावाने ओळखायला लागतात. चहात साखर किती, हे वेटरला पाठ. छान वाटतं. पण ते आमचं काम आहे, गेस्ट प्रोफाइलमध्ये ते टाइप केलेलं असतं: "कमी साखर, लिफ्टपासून लांब खोली, वाढदिवस मार्चमध्ये". मी हे कुत्सितपणे नाही म्हणत, त्यातली आपुलकी बऱ्याचदा खरी असते, काही पाहुण्यांशी माझा आजही संपर्क आहे. पण शिफ्ट संपली की तो मुलगा घरी जातो आणि तुम्ही तिथेच असता. नवे पाहुणे येतात ते तीन दिवसांसाठी, जोडीने किंवा कुटुंबासोबत, सुट्टीच्या मूडमध्ये. त्यांच्यात तुम्ही लॅपटॉप घेऊन एकटे. फ्लॅटमध्ये राहिलात तर निदान खालचा दुकानदार, शेजारच्या काकू, पावाच्या सायकलचा भोंगा वाजवत येणारा पोदेर, अशी खरी माणसं भेटतात. तुम्ही आधीच रिमोट आहात, ऑफिस नाही. त्यात शेजारही काढून टाकलात तर दिवसभरात तुमच्याशी जे बोलतात ते सगळे पगारी, हे चौथ्या महिन्यात जाणवतं. ज्यांना नाही जाणवत असेही लोक आहेत, मी भेटलेय त्यांना. तुम्ही त्यातले आहात का हे तुम्हालाच माहीत.

कागदपत्रांचं: हॉटेलचं बिल पत्त्याचा पुरावा म्हणून कुठे चालत नाही, बँकेचं कार्ड, कुरिअर, सगळं नाशिकच्या घरी वळवून ठेवा पुण्याचा फ्लॅट सोडायच्या आधी. आणि क्रेडिट कार्डचं लिमिट बघा. चेक-इनला हॉटेल प्री-ऑथ घेतं, म्हणजे रक्कम अडकवून ठेवतं, आणि बिल एका मर्यादेपलीकडे गेलं की रोज रात्री निघणाऱ्या हाय बॅलन्स रिपोर्टमध्ये तुमचं नाव येतं आणि सकाळी नम्र फोन येतो. दर आठवड्याला बिल भरायचं ठरवून टाका. डेबिट कार्ड देऊ नका, अडकलेले पैसे सुटायला दिवस लागतात.

बँकॉक. तिथे हा सगळा हिशोब बराच सोपा होतो कारण तिथे हॉटेल आणि फ्लॅटच्या मधली एक गोष्ट मुबलक आहे, सर्व्हिस्ड अपार्टमेंट. छोटं किचन, वॉशिंग मशीन, आठवड्यातून दोन-तीनदा साफसफाई, खाली रिसेप्शन, महिन्याचा रेट. भारतातही आहेत, मुंबईत पवईला लेकसाइड शॅले किंवा सांताक्रूझला ग्रँड हयातच्या रेसिडेन्सेस, पण एकंदर कमी आणि मुख्यतः कंपन्यांच्या पैशावर चालणारी. बँकॉकला रेट विचारताना आकड्यापुढे "प्लस प्लस" आहे का बघा, १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्यावर ७ टक्के व्हॅट, म्हणजे ४,००० बाथचे ४,७०८ होतात. स्वस्त मिळतो म्हणून आठ-दहा दिवसांसाठी कोणाचा तरी खाजगी काँडो, म्हणजे फ्लॅट, घेऊ नका, हॉटेलचं लायसन्स नसताना तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीने भाड्याने देणं तिथे बेकायदेशीर आहे. परदेशी माणूस राहायला आला की चोवीस तासांत इमिग्रेशनला कळवायचं असतं, त्या फॉर्मला टीएम३० म्हणतात, ते हॉटेल किंवा सर्व्हिस्ड अपार्टमेंटवाले न सांगता करतात, खाजगी मालक विसरतात आणि मग व्हिसाच्या कामाला गेलात की अडकता. रिमोट काम करणाऱ्यांसाठी २०२४ च्या जुलैत त्यांनी डीटीव्ही नावाचा व्हिसा काढला, पाच वर्षांचा, एका एंट्रीत १८० दिवस, खात्यात पाच लाख बाथ दाखवावे लागतात. पण एका कॅलेंडर वर्षात १८० दिवस भरले की तुम्ही तिथले टॅक्स रेसिडेंट होता, त्यामुळे पूर्ण सहा महिने एकाच वर्षात बसवू नका. नोव्हेंबर ते एप्रिल दोन वर्षांत विभागलं जातं, त्या बाबतीत तुमचे महिने चांगले आहेत. तिथे जर्मनीपेक्षा सहा तास पुढे, काम दुपारी तीन ते रात्री बारा, पण रात्री बाराला त्या शहरात खाली उतरलं की गरम जेवण मिळतं, खिचडीचा प्रश्न सुटला.

मग मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं. नोव्हेंबरला गोव्यात उतरून पहिले तीन आठवडे चांगलं हॉटेल घेतलं असतं, पणजी किंवा मिरामार भागात, किनाऱ्यावरचं रिसॉर्ट नाही, कारण शहरातल्या हॉटेलात लग्नं कमी आणि बाहेर पडलं की जेवायला, केस कापायला, डेंटिस्टला चालत जाता येतं. त्या तीन आठवड्यांत सकाळी फ्लॅट बघितले असते, स्वतः जाऊन, फोटोवर नाही. हॉटेलचा खरा उपयोग हाच की घाईत चुकीचा फ्लॅट घ्यावा लागत नाही. मग फर्निश्ड फ्लॅट, ११ महिन्यांचा करार असतो पण मधेच सोडायची अट मालकाशी बोलून घालता येते, पोलीस स्टेशनला टेनंट व्हेरिफिकेशन करून घ्यायचं, आणि वाचलेल्या पैशातून कामवाली आणि डबा लावायचा. तुमची जी कटकट आहे ना, ती बरीचशी पहिल्या दहा दिवसांतच असते. एखादा मोठा रिलीज असेल, पंधरा दिवस डोकं वर काढता येणार नसेल, तेव्हा परत पंधरा दिवस हॉटेल.

आणि खरंच लांब हॉटेलात राहायची हौस असेल तर जून ते सप्टेंबर राहा. पावसात गोव्यातल्या फ्लॅटला बुरशी येते, चपलांवर, कॅमेऱ्याच्या लेन्सवर, वीज जाते, इन्व्हर्टर पुरत नाही, तेव्हा हॉटेलचा जनरेटर आणि कोरडी खोली यांची खरी किंमत कळते, आणि रेटही तेव्हाच पडलेला असतो. फक्त चवथीच्या आठवड्यात अपेक्षा कमी ठेवा. अर्धा स्टाफ कुडाळ-सावंतवाडीकडचा, उरलेला गोव्यातला, सगळे गणपतीला घरी. त्या आठवड्यात मी स्वतः रेव्हेन्यू सोडून बेडशीट ताणल्यात.

बोलणी करताना बुकिंगच्या अॅपवर जाऊ नका. त्यांना हॉटेल पंधरा-वीस टक्के आणि कधी त्याहून जास्त कमिशन देतं, तो पैसा तुमच्या रेटमध्ये मागता येतो. आधी फोन करून सेल्स मॅनेजर किंवा रिझर्व्हेशन मॅनेजरचा ईमेल घ्या आणि सगळं लेखी: साडेसातच्या आतला रेट, खोलीचा प्रकार पक्का, ब्लॅकआउटच्या तारखा कुठल्या, हलवायची वेळ आली तर किती दिवस आधी सांगणार आणि त्या रात्रींचे पैसे कोण भरणार, सात दिवसांच्या नोटिशीवर दंड न भरता निघता येईल का, लाँड्रीचे पीस, खुर्ची. लॉयल्टीचे पॉइंट हवे असतील तर या रेटवर रात्री मोजल्या जातात का तेही विचारा, मॅरियट हॉटेलांच्या योजनेत ५० रात्रींवर प्लॅटिनम हा वरचा दर्जा मिळतो, दोन महिने राहणाऱ्याला तो सहज बसतो, पण रेट पात्र नसेल तर काहीच हाती लागत नाही. आधी एक आठवडा पूर्ण पैसे देऊन राहा, मग मागा. आठवडाभर बघितलेल्या, बिल वेळेवर भरणाऱ्या, भांडण न करणाऱ्या पाहुण्याला मी नेहमी जास्त द्यायचे.

राहता राहिली आई. त्यांना लॉज म्हणजे काय ते नीट माहीत आहे, मुलगा जेवतो काय आणि आजारी पडला तर पाणी कोण देणार, एवढंच त्या विचारतायत. पाणी हॉटेलवाले देतील, डॉक्टर ऑन कॉल असतो, फक्त त्याची फी आधी विचारून ठेवा. त्यांना एक आठवडा तिकडे बोलावून घ्या, नाशिकहून आल्या की बुफेतला तो मेदूवडा बघून एकतर खूश होतील नाहीतर म्हणतील यापेक्षा घरी चल. पण त्या यायच्या आधी कोटेशनमध्ये डबल ऑक्युपन्सीचा रेट लिहून घ्या, नाहीतर चेकआउटला एक्स्ट्रा पर्सनचे सात दिवस आणि सात ब्रेकफास्ट लागतील, आणि ते बिल त्यांच्या हातात पडू देऊ नका.